निळ्या ठिपक्याचा फाजील आत्मविश्वास

मंडळी, जीपीएसच्या खोक्यावर 'अचूकता ३ मीटर' असं छापलेलं असतं. खोटं नाही ते, पण अर्धवट आहे. कुठे ३ मीटर? आकाश कसं असताना? ते कोणी छापत नाही.

ध्रुवावर जाऊन बघा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर फिरतात, पण त्यांच्या कक्षा विषुववृत्ताशी फक्त ५५ अंशांनी कललेल्या. त्यामुळे ध्रुवावर एकही उपग्रह कधी डोक्यावर येत नाही. सिग्नल तिरका येतो आणि आयनोस्फिअरमधून, म्हणजे सूर्यामुळे विद्युतभारित झालेल्या वरच्या हवेतून, त्याला जास्त अंतर कापावं लागतं. आणि नेमका तिथलाच आयनोस्फिअर महाबेभरवशाचा! सौरवाऱ्याच्या जोराने दिवसाच्या बाजूचा दाट प्लाझ्मा ढगांसारखा तुटून ध्रुवावरून रात्रीच्या बाजूला वाहत जातो. अरोराच्या पट्ट्यात वरून इलेक्ट्रॉन आदळतात ते वेगळंच.

सिग्नलला नुसता उशीर झाला तर निस्तरता येतं. १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ अशा दोन फ्रीक्वेन्सींना होणारा उशीर वेगवेगळा असतो, तुलना केली की तो जवळपास सगळा वजा होतो. पण त्या ढगांच्या कडा फाटक्या असतात. त्यातून येताना लहरीची फेज भराभर हलते, तारा लुकलुकतो ना, तशी. मग रिसीव्हरची पकड सुटते आणि सेंटिमीटरमधली मोजणी मधेच उडी मारते. 'ड्युअल फ्रीक्वेन्सी घ्या, निश्चिंत व्हा' म्हणणारे सेल्सवाले इथे गप्प बसतात.

तुम्ही म्हणाल, ध्रुवावर आमचं काय अडलंय? अहो, मोठ्या सौर वादळात हा सगळा गोंधळ खाली सरकतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या मिडवेस्टात ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले, शेतकऱ्यांना काम थांबवावं लागलं. (भारतावरही सिग्नल लुकलुकतो, पण त्याची जात वेगळी: सूर्यास्तानंतरची, चुंबकीय विषुववृत्ताजवळची. असो.)

मला कौतुक आहे ते 'वास' या अमेरिकन यंत्रणेचं. विमानांसाठी जीपीएसची चूक दुरुस्त करून देणारी ही यंत्रणा जुलै २००३ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्येच प्रचंड सौर वादळ आलं. २९ तारखेला १५ तास आणि ३० तारखेला ११ तास तिने चक्क हात वर केले: उंचीची खात्री देता येत नाही, उतरताना माझ्यावर विसंबू नका. याला बंद पडणं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ठरलेलं काम तिने केलं की!

आणि आपण काय करतो? अँड्रॉइड प्रत्येक लोकेशनबरोबर अचूकतेची त्रिज्या देतो. खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता किती, तर ६८ टक्के. म्हणजे तीनातून एकदा जवळजवळ बाहेरच! तरी तो आकडा न वाचताच फेकून देणारा कोड सर्रास लिहिला जातो. वर्तुळ 'क्लीन' दिसत नाही म्हणून डिझाइनवाले ते काढायला लावतात, आणि उरतो तो टोकदार, ठाम निळा ठिपका. विमानाचं सॉफ्टवेअर 'माहीत नाही' म्हणू शकतं, मग पिझ्झा पोचवणाऱ्याला कसली एवढी लाज? रिव्ह्यूला असा कोड आला तर मी तरी तो पास करत नाही. मॅनेजरने डेडलाइन दाखवली तरी.