खूण आधी, पाना नंतर

आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबाची पिकअप गाडी आठवड्यातून तीन वेळा बेळगावकडून चोर्ला घाटाने गोव्यास भाजीपाला घेऊन जाते. गेल्या पावसाळ्यापूर्वी तिचे झिजलेले क्रॉस बदलण्यासाठी ती गॅरेजमध्ये देण्यात आली. काम झाले, पैसे चुकते झाले, गाडी घरी आली. आणि त्याच दिवसापासून ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा वेग गाठला की पायाखालचा पत्रा थरथरू लागला. चाकांचे संतुलन करून घेतले, दोन टायर नवे घातले, तरी व्यर्थ. अखेर घरातला थोरला मुलगा आमच्याकडे आला व म्हणाला, "फादर, कर्ज अजून फिटले नाही, आणि गाडी अशी. विकून टाकू काय?"

यंत्रांची आवड आम्हांस जुनी आहे. गाडीखाली चटई पसरून आम्ही पाहिले, तो दोष लपलेला नव्हता. क्रॉस उत्तम होते. परंतु शाफ्ट जोडताना त्याचा एक भाग पाव फेरी फिरवून बसवला गेला होता.

ही चूक इतकी सहज का घडते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. इंजिन व गिअरबॉक्स पुढे, डिफरन्शियल मागे, आणि या दोहोंना जोडणारी लांब पोकळ नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. रस्त्याच्या खाचखळग्यांत मागचा धुरा वरखाली होतो, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांस वाकणारे सांधे असतात. दोन कानांची दोन योके आणि त्यांच्या मधोमध क्रॉस, अशी या सांध्याची रचना. इटलीचा पंडित जेरोलामो कार्डानो (१५०१–१५७६) याच्यावरून त्यास कार्डन सांधा म्हणतात. सतराव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने त्याचा अभ्यास केला, म्हणून हूकचा सांधा असेही त्याचे नाव आहे.

या सांध्यात एक जन्मजात खोड आहे. तो वाकलेल्या स्थितीत फिरू लागला की पुढचा दांडा एकसारख्या गतीने फिरत असूनही मागचा तसा फिरत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंशांच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंस सुमारे दीड टक्का असतो. वीस अंशांत तो सहा टक्क्यांवर जातो. शाफ्ट मिनिटाला २००० फेऱ्या घेत असेल, तर असे ४००० हिसके एका मिनिटात बसतात.

मग चांगली गाडी थरथरत का नाही? कारण मागचा सांधा पुढच्याची खोड झाकतो. पहिला जेव्हा घाई करतो, तेव्हा दुसरा तेवढाच विलंब करतो, आणि डिफरन्शियलला एकसारखी गती मिळते. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. शाफ्टच्या नळीवरील दोन टोकांची योके एकाच पातळीत असली पाहिजेत. एकाचे कान उभे असतील, तर दुसऱ्याचेही उभेच. आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असले पाहिजेत. योके पाव फेरीने चुकली, तर दोन खोडी एकमेकींस झाकण्याऐवजी एकमेकींत मिळतात. जास्त भार नेता यावा म्हणून कमानीस जादा पाटे घालणाऱ्यांनी दुसरी अटही लक्षात ठेवावी, कारण त्याने मागचा कोन बदलतो.

आता चूक होते कोठे? धुरा हलताना अंतर कमीअधिक होते, म्हणून शाफ्टमध्ये सरकता सांधा असतो: एका नळीतील खाचांत दुसऱ्या भागाचे दाते बसतात. क्रॉस बदलताना हे दोन भाग पुष्कळदा वेगळे केले जातात. दाते सारखे असल्यामुळे ते कोणत्याही खाचेत सुखाने बसतात, आणि बसले म्हणजे बरोबर बसले, असे मिस्त्रीस वाटते. अर्धी फेरी फिरवून बसवले, तर योके एका पातळीत येतात खरी. पण कारखान्यात नळीवर वजनाचे लहान तुकडे जोडून साधलेला तोल बिघडू शकतो.

म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी खूण करावी. दोन्ही टोकांचे फ्लँज, सरकत्या सांध्याचे दोन्ही भाग आणि शाफ्टची पुढची बाजू, या सर्वांवर रंगाची रेघ ओढावी. खडू चालणार नाही, तो ग्रीसमध्ये पुसला जातो. पुष्कळ शाफ्टवर कारखान्याचे बाण कोरलेले असतात. मळ पुसून ते आधी शोधावेत. काही फोर-व्हील गाड्यांत, विशेषतः पुढच्या शाफ्टवर, योके मुद्दामच वेगळ्या कोनात ठेवलेली असतात. म्हणून मूळची खूण व गाडीचे पुस्तक हेच प्रमाण मानावे; आमचा नियम त्यानंतर.

आणखी एक सूचना, जिवाशी गाठ असलेली. गाडी गिअरमध्ये ठेवली की ती हलत नाही, या समजुतीवर शाफ्ट कधीही सोडू नये. शाफ्ट निघाला की गिअरचा चाकांशी संबंधच तुटतो. जमीन सपाट हवी, आणि हँडब्रेक ओढलेला असला तरी चाकांना पुढून व मागून दगड किंवा ठोकळे लावलेले हवेत.

त्या कुटुंबाच्या गाडीचा सरकता सांधा आम्ही सोडवला, बाण समोरासमोर आणले, आणि शाफ्ट पुन्हा जोडला. थरथर गेली. परंतु दोन महिन्यांच्या हिसक्यांत गिअरबॉक्सच्या मागचे ऑइल सील गळू लागले होते. तो खर्च व टायरांचा खर्च त्यांस सोसावा लागला. आणखी काही महिने गाडी तशीच घाटात धावली असती, आणि भरल्या गाडीखाली क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर आपटला असता, तर काय घडते याचा विचार आम्हांस नकोसा वाटतो.

यापुढे गाडी दुरुस्तीस देताना मिस्त्रीस नम्रपणे विचारावे, "दादा, शाफ्ट सोडण्याआधी खूण केलीत ना?" चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. त्या थोरल्या मुलाने आता पान्यांच्या पेटीत पांढऱ्या रंगाची लहानशी डबी ठेवली आहे. गाडी त्याने विकली नाही.