कण्याचा बाक शाळेतच दिसायला हवा

सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत आलेले मूल राज्याच्या नजरेच्या टप्प्यात येते, हा त्या निर्णयाचा आणखी एक लाभ. आज बडोद्यातील पाणीगेटची विद्यार्थिनी असो वा आपल्या पेडण्यातील, दोघींची आरोग्य तपासणी २०१३ पासून एकाच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली होते. या कार्यक्रमाच्या मूळ यादीत जन्मजात वाकडी पावले, खुब्याचे दोष, हृदयविकार अशा तीस व्याधी आहेत. वाढत्या वयात कण्याला येणारा बाक, अर्थात स्कोलिओसिस, मात्र त्यांत नाही.

किशोरवयीन मुलांपैकी दोन ते तीन टक्क्यांचा कणा दहा अंशांहून अधिक बाजूला वळलेला असतो. बहुतेकांना उपचारांची गरज भासत नाही. ज्यांचा बाक वाढत जातो, त्यांत मुलींची संख्या बरीच अधिक असते. बाक २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असताना आणि हाडांची वाढ शिल्लक असताना ब्रेस उपयोगी ठरतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत पोहोचला नाही. केवळ निरीक्षणाखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते.

ही संधी हुकली आणि बाक वाढत पन्नास अंशांपलीकडे गेला, की शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. शंभर अंशांच्या आसपास फुप्फुसांनाच जागा अपुरी पडू लागते. अशा रुग्णाच्या कवटीला कडे बसवून काही आठवडे ताण द्यावा लागतो, प्रसंगी मणक्याचा भाग काढावा लागतो आणि स्क्रू व सळ्यांनी कणा जखडावा लागतो. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडण्याचा धोका असल्याने शस्त्रक्रियेदरम्यान त्याचे कार्य सतत तपासले जाते.

गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि विमा उपचारांचा खर्च उचलू शकतो, उपचारांविना गेलेली वर्षे भरून काढू शकत नाही. दप्तराच्या ओझ्याला किंवा बसण्याच्या सवयीला दोष देत पालक थांबतात. मुलीच्या लग्नाच्या चिंतेने काही जण व्यंग झाकतात. या दोन्हींत वाढीचे वय निघून जाते.

सरसकट तपासणीवर मतभेद आहेत, हे मान्य करावे लागेल. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१८ मध्ये तिच्या लाभ-हानीबाबतचा पुरावा अपुरा ठरवला. अनावश्यक क्ष-किरण तपासण्यांची भीतीही रास्त आहे. परंतु तेथील अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी मुलींची दहाव्या व बाराव्या वर्षी, तर मुलांची तेराव्या किंवा चौदाव्या वर्षी तपासणी सुचवली आहे. गोव्यासारख्या लहान राज्याला एवढी मर्यादित तपासणी अवघड नाही.

पाय जुळवून मुलाला पुढे वाकायला सांगायचे आणि पाठीमागून पाहायचे. एका बाजूच्या बरगड्या उंचावलेल्या दिसल्या, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवायचे. याला मिनिटभर लागते. मुलींसाठी महिला कर्मचारी आणि आडोसा, तसेच पाठवलेले मूल तज्ज्ञापर्यंत पोहोचले की नाही याची नोंद, एवढी तजवीज आरोग्य आणि शिक्षण खात्यांनी आगामी शैक्षणिक वर्षापूर्वी करावी.