केळं आधी की नवकारसी?



पहाटे साडेपाचला व्यायाम, म्हणून पाचला केळं खा, असं हल्ली सुनांना सांगितलं जातं. मला हे मान्य नाही. देवणीत ऐन हिवाळ्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. नवकारसी त्यानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे साडेसात उलटल्यावर. तासभर चालण्यापुरती साखर निरोगी बाईच्या अंगात साठलेली असते. त्यासाठी केळं कशाला? वजनं उचलायची असतील तर नवकारसी पारून, काही खाऊन, मग उचला. व्यायामाची वेळ आपल्या हातात आहे, सूर्योदयाची नाही. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने मात्र उपाशीपोटी व्यायामाचं धाडस करू नये. साखर एकदम उतरू शकते. तिनेही व्यायामच पुढे ढकलावा. पच्चक्खाण मोडायचं कशाला?