विश्लेषण : पुठ्ठ्याचे भूत, फोमचे थडगे! घरगुती हॅलोविन सजावट स्वस्त पडते, पण धोका कुठे असतो?

३१ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेतील असंख्य घरांच्या अंगणात थडगी उभी राहतात, झाडांना भुते लटकतात आणि दारात सांगाडे येऊन बसतात. यातील बरीच सजावट दुकानातून येते. मात्र पुठ्ठा, फोम, जुनी चादर आणि रंग वापरून ती घरीच तयार करणारेही तिथे कमी नाहीत. दुकानातील किमती पाहता हा मार्ग खिशाला परवडतो. पण हाताशी असलेले साहित्य कसे वागते हे ठाऊक नसेल, तर ही बचत महागात पडू शकते.

हॅलोविनवर खर्च किती होतो?

अमेरिकेतील किरकोळ विक्रेत्यांची संघटना ‘नॅशनल रिटेल फेडरेशन’ दरवर्षी या खर्चाचा अंदाज जाहीर करते. २०२३ मध्ये तो १२.२ अब्ज डॉलर होता आणि त्यातील ३.९ अब्ज डॉलर केवळ सजावटीवर खर्च होतील, असे म्हटले होते. २०२५ साठीचा अंदाज १३.१ अब्ज डॉलरवर गेला. ‘होम डेपो’ने २०२० मध्ये आणलेल्या १२ फुटी प्लास्टिकच्या सांगाड्याची किंमत २९९ डॉलर होती, तरीही त्यावर उड्या पडल्या.

या सजावटीचा मोठा हिस्सा चीनमधून येतो. त्यामुळे आयात शुल्क वाढले की त्याची झळ थेट ग्राहकाला बसते. ‘सगळे काही एक डॉलरला’ अशी ओळख असलेल्या ‘डॉलर ट्री’नेही २०२१ मध्ये ही किंमत सव्वा डॉलर केली. तरीही पुठ्ठ्याच्या दोन थरांमधील फोम बोर्ड, रंग आणि कापूस यांसाठी घरगुती कारागिरांची पहिली धाव अशाच दुकानांकडे असते.

ही हौस नवीन आहे का?

उलट, विकतची सजावट नवीन आहे. हॅलोविनचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंड भागातील ‘साविन’ या केल्टिक सणात असल्याचे मानले जाते. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांनी ही प्रथा अमेरिकेत नेली आणि सलगमची जागा तिथे सहज मिळणाऱ्या, कोरायला सोप्या भोपळ्याने घेतली. हाताशी जे आहे त्यातून भूत उभे करायचे, ही या सणाची जुनी रीत आहे.

फोमचे थडगे कसे तयार होते?

अमेरिकेत घरांच्या भिंतींना उष्णतारोधक म्हणून गुलाबी किंवा निळ्या रंगाचे फोमचे तक्ते लावतात. हे दाट पॉलिस्टायरीन असते. आपल्याकडील थर्माकोलचे ते चुलत भावंडच, पण मणी सुटत नसल्याने त्यावर अक्षरे स्वच्छ कोरता येतात. कोरून झाले की राखाडी रंग द्यायचा आणि खाचांमध्ये काळा रंग भरून तो ओल्या फडक्याने पुसायचा. खाचेत उरलेला काळा रंग दगड जुना असल्याचा भास निर्माण करतो.

नवखे इथे हमखास एक चूक करतात. फोमवर थेट स्प्रे पेंट मारला, तर फोम डोळ्यांदेखत विरघळतो. अनेक स्प्रे पेंटमध्ये ॲसिटोनसारखी द्रावके असतात आणि पॉलिस्टायरीन त्यात विरघळते. म्हणून आधी पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन हात देणे गरजेचे ठरते. तापलेल्या तारेने फोम कापताना निघणारा धूरही आरोग्याला घातक असतो. हे काम बंद खोलीत करू नये.

दुसरी अडचण वाऱ्याची. थडग्याचे वजन नगण्य आणि वारा अडवणारे क्षेत्रफळ मोठे, त्यामुळे जोराच्या झुळकीनेही ते उडते. यावर सोपा उपाय म्हणजे मागच्या बाजूला पाइपचा तुकडा चिकटवायचा आणि जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईवर तो बसवायचा.

कापड आणि कागदाचे काय?

सर्वांत कमी खर्चाचे भूत कापडाचे. बाटलीवर फुगा ठेवायचा, विरळ विणीचे सुती कापड दाट खळीत बुडवून त्यावर टाकायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. फुगा फोडला की कापड त्याच आकारात उभे राहते.

कवटी किंवा मुखवटा करायचा असेल, तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि मैद्याची खळ पुरते. एक थर उभा, पुढचा आडवा असे लावल्यास प्लायवूडप्रमाणे मजबुती येते. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावू नये. आत ओल राहिली की बुरशी धरते.

मोठ्या आकृतीसाठी तिकडे ‘मॉन्स्टर मड’ वापरतात. भिंतीच्या सांध्यांत भरायची तयार पुट्टी पाच भाग आणि पाण्यात मिसळणारा रंग एक भाग, असे हे मिश्रण असते. त्यात गोणपाट बुडवून लाकडी सांगाड्यावर पांघरले की वाळल्यावर दगडी झगा घातलेली आकृती तयार होते. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीच्या राड्यात गोणपाट भिजवून डोंगरउतार करणाऱ्या मराठी मुलांना ही युक्ती वेगळी शिकवावी लागणार नाही.

खरा धोका कुठे?

पहिला धोका आगीचा. सुके गवत, क्रेप पेपर, मक्याची ताटे, विरळ कापड आणि फोम हे सर्व ज्वलनशील आहे. पॉलिस्टायरीन जळताना दाट काळा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचे दिवे वापरा आणि येण्याजाण्याची वाट सजावटीने अडवू नका, असे अमेरिकेतील ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ सांगते.

दुसरा धोका या बॅटरीच्या दिव्यांमध्येच दडलेला असतो. त्यातील अनेकांत बटणाच्या आकाराची बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळली, तर अवघ्या दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळेच अशा बॅटरीचा कप्पा मुलांना उघडता येऊ नये, यासाठी अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा केला. स्क्रूने बंद होणारा कप्पा असलेलाच दिवा घ्यावा. मुलाने बॅटरी गिळल्याची शंका आली, तरी उलटी करवण्यात वेळ न घालवता तातडीने रुग्णालय गाठावे.

मराठी वाचकाने यातून काय घ्यावे?

२०२४ मध्ये नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. परदेशातील मराठी घरांच्या दारात आकाशकंदील आणि भोपळा शेजारी-शेजारी दिसण्याचा काळ हाच. गोव्यात नरकासुराचे पुतळे कागद, गवत आणि बांबूचे करून पहाटे जाळण्याची परंपरा आहे. जे जाळायचे ते कागद-गवताचेच हवे, हे त्यातील शहाणपण फोमच्या जमान्यात विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. त्यामुळे इथल्या शाळा आणि गृहसंकुलांत हॅलोविनचा कार्यक्रम असेल, तर अमेरिकेतील व्हिडीओ पाहून फोमच्या मागे धावण्याचे कारण नाही. पुठ्ठा, वर्तमानपत्र, खळ आणि गोणपाट यांतून ते सगळे उभे राहते.

फोम स्वस्त वाटतो, कारण तो टाकून देण्याची किंमत पावतीवर छापलेली नसते. ज्या देशात तो सहज मिळतो, तिथेही एका रात्रीपुरते थडगे करून दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकणे ही बचत नव्हे. तेच थडगे दहा वर्षे माळ्यावरून अंगणात येत राहिले, तरच खरी बचत. एका रात्रीपुरतेच भूत हवे असेल, तर ते कागदाचे करावे.