नृत्य कोणासाठी?

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील बॅले पाहावयाचा तर खिसा जड हवाच. उत्तम कलेस उत्तम मोल पडावयाचेच, असे कित्येक रसिक ऐटीने सांगतात. हे म्हणणे आम्हांस साफ नामंजूर आहे. ही नृत्यमंडळी 1931 साली निनेट द वाल्वा यांनी सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात उभी केली. ते नाट्यगृह लिलियन बेलिस यांनी अल्प दरात, सामान्यांसाठीच चालविले होते. मार्गो फाँटेनसारखी नर्तकी तेथेच घडली. 1946 साली मंडळी कॉव्हेंट गार्डनात आली. ज्यांच्या टाळ्यांवर ती वाढली, त्यांच्या वारसांनी आता दरपत्रक वाचूनच परतावे काय?

वाद्यवृंद, पडदे, पोशाख यांस खर्च येतो, हे खरे. परंतु सार्वजनिक तिजोरीतून अनुदान मिळते ते त्यासाठीच ना? म्हणजे दाराबाहेर राहिलेलाही पैसे भरतोच! शिवाय ‘स्वॅन लेक’मधील हंसींच्या रांगांची नक्षी वरच्या सज्जातूनच नीट दिसते, खालच्या महागड्या जागेवरून दिसतात त्या नायिकेच्या 32 गिरक्या. तेव्हा सज्जा स्वस्तच राहिला पाहिजे. तो महागला, तर गिरक्या मोजणारे उरतील. नृत्य जाणणारे उरणार नाहीत.