बिलात ग्राह्य, नोंदवहीत अग्राह्य

एप्रिल २०२१ च्या अखेरीस तामिळनाडू सरकारने चेन्नईच्या किलपॉक वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात रेमडेसिविर विकण्याची खिडकी उघडली. भर उन्हाळ्यात रोग्यांच्या नातेवाइकांच्या रांगा लागल्या. जागा जाऊ नये म्हणून माणसे रात्रीपासून रस्त्यावर बसून राहिली. त्यांच्याकडून जी कागदपत्रे मागितली जात होती त्यांत डॉक्टरांची चिठ्ठी व आधार कार्ड यांच्याबरोबर छातीच्या सीटी स्कॅनचा अहवालही होता. ज्या औषधासाठी ही तपश्चर्या चालली होती ते इस्पितळातील कोविडच्या रोग्यांना देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने पाच महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर २०२० मध्ये दिला होता, ही गोष्ट तूर्त बाजूस ठेवू. मुद्दा असा की, सीटी स्कॅनचा कागद सरकारच्या खिडकीवर चालत होता. खासगी इस्पितळाच्या दारावर, खाट मिळविताना आणि बिल आकारतानाही तो चालत होता. परंतु असाच कागद हाती असलेला रोगी दगावला आणि त्याची आरटी-पीसीआर चाचणी निगेटिव्ह आलेली असली, म्हणजे मात्र त्या कागदाचे मोल एकाएकी शून्य होत असे. दैनिक सरकारी पत्रकात अशा मृत्यूला जागा नव्हती.

या विसंगतीचे मूळ यंत्रात नाही. विषाणूने फुप्फुसात शिरकाव केला की हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत द्रव साचू लागतो आणि सीटीच्या चित्रात घासलेल्या काचेसारखे धूसर डाग उमटतात. कोविडमध्ये हे डाग बहुधा दोन्ही फुप्फुसांत, कडेच्या भागात आणि खालच्या बाजूस आढळतात. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पंचवीस, असा हिशेब रेडिऑलॉजिस्ट मांडतात. साध्या एक्स-रेत जे दिसत नाही ते यात दिसते. आणि आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, नाकातील विषाणू ओसरून रोग छातीत उतरलेला असताना, नाकातील नमुना पुष्कळदा निगेटिव्ह येतो. त्या वेळी हे चित्रच डॉक्टरला वाट दाखविते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. लक्षणे दिसू लागल्यापासून पहिल्या दोन दिवसांत काढलेल्या सीटीपैकी निम्म्याहून अधिक निर्दोष निघाल्याचे चीनमधील रोग्यांच्या अभ्यासात २०२० सालीच दिसून आले होते. म्हणजे घाबरून पहिल्याच दिवशी स्कॅन करून घेणाऱ्याच्या पदरी खोटा दिलासा पडण्याचा संभव मोठा.

या यंत्राच्या जन्मकथेत चेन्नईचा वाटा आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. १९५२ पासून १९७० पर्यंत मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाची धुरा वाहणारे जी. एन. रामचंद्रन यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण छायांवरून आतील वस्तूचे चित्र कसे उभे करावे, याची सुटसुटीत गणिती रीत त्यात होती. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले इस्पितळात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे छायाचित्र घेतले. त्या यंत्राच्या विकासात ब्रिटिश आरोग्य खात्याचा, म्हणजे करदात्यांचा, पैसा होता. हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. रामचंद्रन यांना कधीच मिळाले नाही. त्यांच्या रीतीने मात्र पुढे कित्येक दशके जगभरच्या सीटी यंत्रांना काम पुरविले. निबंध छापील, गणित सर्वांना खुले. यंत्रे मात्र सीमेन्स, जीई, फिलिप्स अशा मोजक्या मक्तेदार कंपन्यांची. आणि ज्या शहरातील विद्यापीठाने या गणितज्ञाला घडविले त्या शहरातला हमाल त्याच गणिताचे फळ चढ्या दराने विकत घेतो. सार्वजनिक श्रमातून ज्ञान निर्माण व्हावे आणि ते खासगी मालमत्ता होऊन परत यावे, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावयास दूर जावे लागणार नाही.

साथीच्या पहिल्या महिन्यांत सीटीला जो अवास्तव मान मिळाला त्याला वूहानमधील एक अभ्यास कारणीभूत झाला. १,०१४ रोग्यांच्या त्या पाहणीत, आरटी-पीसीआरला प्रमाण मानले तर सीटी ९७ टक्के रोगी पकडते, असे दिसले. हा आकडा जगभर गाजला. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मागे पडला: ज्यांची आरटी-पीसीआर निगेटिव्ह होती त्यांपैकी केवळ २५ टक्क्यांनाच सीटीने निगेटिव्ह ठरविले होते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने मार्च २०२० मध्येच बजावले की, रोगाची छाननी करण्यासाठी किंवा निदानाची पहिली चाचणी म्हणून सीटी वापरू नये. आपल्या देशातील स्कॅन केंद्रांच्या दारावरील गर्दीवर या इशाऱ्याचा काही परिणाम झाला नाही. व्हावा तरी कसा? यंत्र कर्जाऊ, हप्ता दरमहा ठरलेला, आणि रोगी पाठविणाऱ्याला त्याचा वाटा. महाराष्ट्रात ज्याला कट प्रॅक्टिस म्हणतात त्या रोगाविरुद्ध २०१७ साली कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. मसुद्याचा कायदा झाला नाही. पुण्या-मुंबईच्या चाळींपासून नाशिक-नगरच्या खेड्यांपर्यंत दुसऱ्या लाटेत माणसे एकमेकांना प्रकृती विचारीत नव्हती, ‘स्कोअर किती?’ असे विचारीत होती. पत्रिकेतील गुण जुळवावेत तसे पंचविसांपैकी गुण पाहून खाटेचा आणि इंजेक्शनचा निर्णय होत होता. रक्तातील प्राणवायू किती, हा खरा प्रश्न मागे राहत होता.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये दर बांधून दिले: १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रावर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसच्या यंत्रावर २,५०० आणि त्याहून वरच्या यंत्रावर ३,०००. हा निर्णय योग्यच होता, कारण त्यापूर्वी अवाच्या सव्वा आकारणी चालली होती. तरीही दर बांधणे म्हणजे बाजाराला लगाम घालणे. बाजार मोडणे नव्हे. ज्याला स्कॅनची गरजच नाही त्याला दोन हजारांत स्कॅन मिळाला, तर त्यात त्याचा लाभ तो कोणता?

मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी करू नये, असे सांगताना एक सीटी ३०० ते ४०० एक्स-रेंएवढी असल्याचे म्हटले. रेडिऑलॉजिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेने तत्काळ प्रत्युत्तर दिले: हा हिशेब जुन्या यंत्रांचा आहे, आधुनिक यंत्रावर कमी मात्रेचा स्कॅन पाच-दहा एक्स-रेंएवढाच असतो. वृत्तपत्रांनी हा वाद दोन मोठ्या माणसांची झुंज असल्यासारखा रंगविला. वस्तुतः ३०० ते ४०० चा आकडा फुगविलेला होता, हे मान्य केले पाहिजे. पण पाच-दहाचा आकडा ज्या यंत्रांचा आणि ज्या काळजीपूर्वक वापराचा होता तो प्रत्येक गल्लीतील केंद्रात होत होता, असे कोण म्हणेल? आपल्या अंगावर किती किरण पडले, हे रोग्याला कोणी सांगत नव्हते. दोघांच्या वादात गुलेरियांचे मूळ म्हणणे, सौम्य आजारात स्कॅन नको, बिनविरोध खरे असूनही हरवून गेले.

चेन्नईची गोष्ट अगदी अशीच नव्हती. मे २०२० मध्ये कोयंबेडूच्या घाऊक भाजी बाजारातून साथ हमाल, मालमोटारींचे चालक आणि फेरीवाले यांच्याबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. महापालिकेने वॉर्डावॉर्डांत ताप शिबिरे भरविली आणि घरोघर पाहणीसाठी कर्मचारी पाठविले. इतर अनेक राज्यांनी झटपट अँटिजेन चाचण्यांवर आकडे फुगविले, तेव्हा तामिळनाडू जवळजवळ पूर्णपणे आरटी-पीसीआरवर टिकून राहिले. सरकारी इस्पितळांतील सीटी यंत्रे चालविणारे तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ पासून अस्तित्वात आहे, आणि तेथे खासगी दराच्या थोड्याशा हिश्शात स्कॅन होतो. ही व्यवस्था दान म्हणून मिळालेली नाही. सार्वजनिक आरोग्य खात्याची स्वतंत्र आणि जुनी बांधणी त्या राज्याने मोडू दिली नाही, तिचे ते फळ आहे. सीटी यंत्र सार्वजनिक मालकीचे असले म्हणजे स्कॅन लिहून देणाऱ्याला त्यात वाटा उरत नाही आणि वैद्यकीय गरज ही एकच कसोटी शिल्लक राहते, हे महाराष्ट्रातील आरोग्य चळवळीने ध्यानात घ्यावयास हवे. जिल्हा रुग्णालयातील यंत्र खासगी भागीदाराच्या हाती देण्याच्या योजनांना विरोध करण्याचे कारणही हेच.

आणि तरीही याच राज्यात मृत्यूची मोजणी फसली. २२ जुलै २०२० रोजी चेन्नईतील ४४४ मृत्यू एकदम अधिकृत आकड्यात घालावे लागले. महापालिकेची नोंद आणि राज्याची नोंद यांचा मेळ बसत नव्हता. हे मृत्यू निदान कोठेतरी नोंदलेले होते. चाचणी निगेटिव्ह पण फुप्फुसे धुरकट, अशा रोग्यांचे काय? त्यांना कोविड कक्षात ठेवले गेले, कोविडचे उपचार झाले. प्रमाणपत्रावर पुष्कळदा आला तो न्यूमोनिया. अशा मृत्यूंसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा वेगळा संकेतांक, यू०७.२, उपलब्ध होता आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मे २०२० च्या मार्गदर्शनात तो स्पष्ट दिलेला होता. संकेतांक कागदावर राहिला. शास्त्राने दिलेली सोय प्रशासनाला नको होती, कारण आकडा लहान दिसण्यात सर्वच सत्ताधाऱ्यांचे हित होते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांतील भारतातील अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज दिला. त्या दोन वर्षांचा अधिकृत आकडा पाच लाखांच्या आत होता. केंद्र सरकारने अंदाज बांधण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. स्वतःची पूर्ण मोजणी मात्र समोर ठेवली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी मृतांच्या कुटुंबांना साहाय्य देण्याचे निकष ठरविण्याचा आदेश दिला तेव्हा कोठे हालचाल झाली. ३ सप्टेंबरच्या मार्गदर्शक सूचनांत चाचणीबरोबर डॉक्टरने तपासण्यांवरून केलेले निदानही मान्य झाले, आणि त्यानंतर पन्नास हजार रुपयांची रक्कम ठरली. सीटीच्या चित्राला अखेर सरकारदरबारी प्रवेश मिळाला. पण एक अट घालून. ते निदान रोगी इस्पितळात दाखल असताना तेथील डॉक्टरने केलेले असले पाहिजे. ज्याला खाट मिळालीच नाही, ज्याने नाक्यावरच्या केंद्रात पदरचे तीन हजार मोजून स्कॅन करून घेतला आणि जो रुग्णवाहिकेची वाट पाहत घरीच गेला, त्याचे कुटुंब त्या व्याख्येबाहेर पडले. त्याच्यासाठी जिल्हा समितीपुढे अर्ज करण्याची वाट तेवढी ठेवली गेली. पुराव्याचा भार विधवेवर होता, आणि पुरावा म्हणून तिच्याजवळ होती ती पैसे भरल्याची पावती आणि एक काळी फिल्म.