मंगळवार चंद्रपूरसाठी

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधून ताडोबाच्या सहली निघतात. सफारी भरपूर, आणि चंद्रपूर फक्त जेवणापुरतं. याचं मनापासून वाईट वाटतं. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्याआधी कितीतरी शतकं हा मुलूख गोंड राजांचा होता. त्यांच्या राजधानीचा परकोट आजही जुन्या चंद्रपूर शहराला वेढून उभा आहे. वेशींवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलाय; मुलांना कडेवर उचलून दाखवावा असा. अंचलेश्वर मंदिराजवळ राणी हिराईनं पती बीरशहासाठी बांधलेली समाधी आहे.

मंगळवारी ताडोबा बंद असतं. तो दिवस रिसॉर्टवर लोळण्यात घालवू नका. आयोजकांकडे स्थानिक जाणकाराचा आग्रह धरा, आणि वेळ उरला तर भद्रावतीची विजासन लेणीही बघून या.